हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना आला की मला बँकेतली नोकरी हटकून आठवते. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा, याच महिन्यात, आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेला द्यायचा असतो. आता ते काम यंत्रावर बोट टेकवूनही होते. माझ्या वेळी माणसाला स्वतः शाखेत यावे लागे, अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करावा लागे आणि अधिकाऱ्याने खाली लिहायचे, की सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर होती व ती जिवंत आहे. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांवर बरेवाईट बोलले गेले. पण ज्यावर कुणीच वाद घातला नाही असे माझ्या हातचे वाक्य तेवढेच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली सावंतवाडी तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळच्या एका शाखेत झाली. तिथे दर नोव्हेंबरात दोन म्हातारे बरोबर येत. एकाची दृष्टी गेलेली. त्याला स्वातंत्र्यसैनिकाचे पेन्शन होते. गोवामुक्तीच्या चळवळीत तो आग्वादच्या तुरुंगात होता. मूळचा पेडणे तालुक्यातला. सुटल्यावर अलीकडे बायकोच्या गावी येऊन राहिला, तो तिथलाच झाला. दुसरा म्हातारा उंच, ताठ, हातात छत्री. तो फॉर्म वाचून दाखवी, आंधळ्याचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवी आणि नेमक्या चौकटीत उमटवी. काम झाले की स्वतःच्या रुमालाने त्याचा अंगठा पुसून काढी.

"माका जिवंत म्हणान लिवा, सायबानू," आंधळा दरवर्षी म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

हा दुसरा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पेडण्याहून सकाळच्या एस.टी.ने मुद्दाम येई. दुसऱ्या वर्षी आमच्या शिपायाने चहाचा कप ठेवता ठेवता हळूच सांगितले, "सायेब, तो दुसरो पाखल्यांच्या टायमाचो पोलीस." पाखले म्हणजे आमच्याकडे पोर्तुगीज. मी मान वर करून पाहिले. दोघे बाकावर बसून एकाच पुडीतले चणे खात होते.

या दोघांचे पुढे सांगतो. आधी पत्रादेवीचे सांगायला हवे, कारण मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बहुतेकांना पत्रादेवी म्हणजे बांद्याच्या पुढचा नाका एवढेच ठाऊक असते.

गोव्यावर पोर्तुगालचे राज्य १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षे होते. आमच्या बाजूचे पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग त्यांच्याकडे बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकात गेले. त्यामुळे माणसांच्या सोयरिकी, देवांच्या जत्रा आणि दशावतारी कंपन्यांचे फेरे यांनी ती हद्द कधी फारशी मानलीच नव्हती. १९४७ मध्ये अलीकडे स्वराज्य आले. पलीकडे मात्र सालाझार नावाचा हुकूमशहा लिस्बनमध्ये बसून गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे असे सांगत राहिला. सभा घ्यायची सोय नाही, वर्तमानपत्र तपासून घेतल्याशिवाय छापायचे नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी ती बंदी मोडली होती. पण मोडलेली बंदी राज्यकर्ते पुन्हा सांधून घेतात.

१९५५ साली पुण्याच्या गोवा विमोचन सहाय्यक समितीने सत्याग्रही तुकड्या पाठवायला सुरुवात केली. १८ मे रोजी नानासाहेब गोरे पहिली तुकडी घेऊन आत शिरले. सेनापती बापटही त्या मोहिमेत होते. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. गोऱ्यांना लांबलचक शिक्षा झाली. मधू लिमयांना तर इतकी मारहाण झाली, की ते गेले अशीच बातमी पसरली होती. आणि मग १५ ऑगस्ट उजाडला. त्या दिवशी तीन ते पाच हजार निःशस्त्र माणसे सहा ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरू पाहत होती.

आमच्या घरातली मोठी माणसे त्या दिवसांचे वर्णन करीत. पावसाळा असल्याने किनाऱ्यावरच्या बोटी बंद. माणसे एस.टी.ने, ट्रकने, बेळगावकडून आंबोलीचा घाट उतरून येत. कुणाची भाषा कळायची नाही. पंजाबी होते, बंगाली होते, मध्य प्रांतातले होते. घराघरांतून भाकऱ्या जमा होत. तांदळाच्या भाकरीची सवय नसलेला एक सरदारजी ती पापडासारखी मोडून खात होता, हे माझी आजी मरेपर्यंत सांगायची. त्यातले कितीजण परत आले हे तिला कळले नाही. ती फक्त भाकऱ्यांचा हिशेब सांगायची.

पत्रादेवीला गोळीबार झाला. सागरच्या सहोदरादेवी राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली. पंजाबातला कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण पुढे झाला, तो तिथेच पडला. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी गेले. तेरेखोलचा किल्ला पाहिलेल्यांना माहीत असेल, तो खाडीच्या आमच्या तीरावर आहे, रेडीच्या बाजूने चालत जावे इतका आमचा. पण राज्य पलीकडचे. पुढे त्या किल्ल्यात हॉटेल झाले.

त्या दिवशी एकूण किती माणसे मारली गेली? कुठे २१ आढळतात, कुठे २२, कुठे तीस. जखमींची संख्या दोनशेच्या वर सांगतात. बँकेत दिवसाअखेर एका रुपयाचा फरक राहिला तर रात्री नऊपर्यंत आम्ही बसून तो शोधायचो. फरक सापडलाच नाही, तर ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकून घरी जायचो आणि दुसऱ्या दिवशी ते खाते पहिल्यांदा उघडायचो. इथे नऊ माणसांचा फरक आहे आणि तो शोधायला कुणी बसून राहिले नाही.

गोव्यातली हिंसा एकतर्फी होती असे मात्र लिहिता येणार नाही. सत्याग्रहाच्या वाटेवर विश्वास नसलेली मंडळी होती. आझाद गोमंतक दलाच्या तरुणांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. सांगलीकडून गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. अस्नोड्याचा बाळा राया मापारी त्याच वर्षी पोलिसांच्या छळाने कोठडीत मेला. ठाण्यांवर जे शिपाई असत, त्यांत पाखले थोडे आणि आपल्यातलेच, पोटासाठी वर्दी चढवलेले बरेच. हल्ला होई तेव्हा समोर तेच असत. त्यांची स्मारके कुठे नाहीत. असावीत असे माझे म्हणणे नाही. पण त्यांच्या घरांतही कुणी रडले असेल, एवढी नोंद कुठेतरी राहायला हवी होती.

आता थोडे अवघड लिहितो. पत्रादेवीच्या गोळीबाराने अवघा महाराष्ट्र पेटून उठला. निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडणारे राज्य म्हणजे रानटी राज्य, असे सगळे म्हणाले आणि ते खरेच होते. त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. १५ जण ठार झाले. झाडणारे पोलीस आपले, हुकूम देणारे सरकार आपण निवडून दिलेले, आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई हे स्वतः गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार हे जाहीर झाले, तेव्हा पुन्हा गोळीबार झाले. चळवळीतल्या हुतात्म्यांची संख्या १०५ म्हणून आपण शाळेत घोकली. नंतर कुणी १०६ म्हणू लागले, कुणी १०७. इथेही ताळा जमत नाही.

पत्रादेवीला स्मारक आहे, फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. दोन्हीकडे दरवर्षी फुले वाहिली जातात. पण ही दोन ठिकाणे एका वाक्यात आपण सहसा आणत नाही. पहिला गोळीबार परक्यांचा होता, तो सांगायला सोपा. दुसऱ्याच्या वेळी आपण नुकतीच लोकशाही घेतली होती आणि ती घेतल्यावर बंदुका आपोआप खाली येतील अशी आपली समजूत होती. इंग्रज गेले तरी जमावावर गोळी घालण्याची त्यांची रीत, त्यांचे नियम आणि तीच काडतुसे मागे राहिली होती. नवे राज्य आले तरी पोलीस चौकीतल्या भिंतीवरचा खिळा तोच असतो. फक्त त्यावरची तसबीर बदलते.

तरीही दोन्हींत फरक होता आणि तो लहान नव्हता. सालाझारच्या राज्यात पत्रादेवीबद्दल जाब विचारायला जागाच नव्हती. इथे ती होती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जो हिसका दाखवला, तो त्याच गोळ्यांचा जाब होता. आमच्या राजापूर मतदारसंघातून वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै त्या वर्षी लोकसभेत गेले. पत्रादेवीला गोळी खाल्लेल्या सहोदरादेवी मध्य प्रदेशातून त्याच लोकसभेत निवडून गेल्या. तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मेलेली माणसे परत आली नाहीत, हुकूम देणाऱ्यांना शिक्षाही झाली नाही. पण सरकारला मागे यावे लागले.

गोव्याच्या हद्दीवर मात्र पत्रादेवीनंतर कुलूप लागले. नेहरूंनी सामूहिक सत्याग्रह थांबवला, गोव्यातली वकिलात बंद झाली, रेल्वे थांबली, व्यापार थांबला. दिल्लीला ते धोरण वाटले असेल. आमच्याकडे ते वेगळ्या रूपात आले. माझी थोरली आत्या पेडण्याला दिलेली. १९५७ च्या पावसाळ्यात आजोबा वारले. मालवणापासून पेडणे म्हणजे आज दोन तासांची वाट. परवान्यासाठी धावाधाव झाली, कागद इकडून तिकडे गेले. तोवर तेरावा उलटून गेला. तिला बातमी मिळाली ती खाडीतून चोरून ये-जा करणाऱ्या एका होडीवाल्याकडून, चौदाव्या दिवशी. तिने विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या आणि त्या दिवसापासून सुतक धरले. माहेरी ती आली १९६२ च्या चतुर्थीला. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. गणपतीसमोर बसून एक अनोळखी बाई मोठमोठ्याने रडते आहे आणि तिला कुणी गप्प करत नाही, ही माझी पहिली आठवण.

मधल्या काळात त्या कुलपाची किल्ली तस्करांच्या कमरेला होती. घड्याळे आली, दारू आली, सोने आले. आमच्या किनाऱ्यावरची काही घरे कशी कौलारूची स्लॅबची झाली हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल एखादी कादंबरी लिहावी असे फार दिवस मनात आहे. पण त्या घरांत अजून माझे जाणे-येणे आहे.

१९६१ चा शेवट सर्वांना पाठ आहे. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून पोर्तुगिजांनी 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार केला. काही दिवसांत एक मच्छीमारही त्यांच्या गोळीने मेला. त्या बातमीने कारवारापासून मालवणापर्यंतच्या मच्छीमार वाड्यांत काय झाले असेल हे मला सांगावे लागू नये. १७ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्य शिरले आणि १९ तारखेला सगळे संपले. भारताची २२ माणसे गेली, पोर्तुगालची तीसच्या आसपास.

आकडे इतके लहान का राहिले? भारतीय सैन्य मोठे होते हे कारण आहेच. दुसऱ्या कारणाकडे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांचे लक्ष जात नाही. १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना हुकूम पाठवला होता, की शरणागती नाही. सैनिक एकतर जिंकलेले असावेत नाहीतर मेलेले. गव्हर्नराकडे सुमारे साडेतीन हजार माणसे होती आणि त्यांना मरायला लावायचे अधिकार होते. त्याने ते वापरले नाहीत. पणजी बेचिराख होण्याआधी त्याने शरणागतीवर सही केली. पोर्तुगालला परतल्यावर त्याला सैन्यातून बडतर्फ केले. त्याचा हुद्दा त्याला परत मिळाला तो १९७४ मध्ये, हुकूमशाही पडल्यावर. परक्या राज्याचा हा शेवटचा गव्हर्नर. त्याचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. त्याच्याच अमलाखाली माणसे आग्वादला सडत होती. पण त्याने त्या एका सहीने किती हिंदू-ख्रिस्ती घरे वाचवली, याचा अंदाज पेडणे-म्हापसा-पणजीच्या माणसांनी तरी करायला हवा.

याच राज्याचा दुसरा नमुना म्हणजे कासिमिरो मोंतेरो. हा गोव्यातच जन्मलेला पोलीस एजंट. आग्वादला आणि ठाण्याठाण्यांवर त्याने कैद्यांचे जे हाल केले, त्याच्या कहाण्या गोव्यातल्या जुन्या सैनिकांच्या तोंडी असत. मुक्तीनंतर तो पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला. तिथे जनरल उम्बेर्तु देल्गादु नावाचा एक माणूस सालाझारच्या विरोधात उभा होता. १९५८ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हुकूमशहाची झोप उडवली होती. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी स्पेनच्या हद्दीपाशी त्याला फसवून नेऊन मारले. मारणारा हाच मोंतेरो. पुढे पोर्तुगालच्या न्यायालयाने त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. जो हात पेडण्या-म्हापशाच्या पोरांवर तयार झाला, तो शेवटी पोर्तुगालच्याच लोकशाहीच्या गळ्यापर्यंत गेला. सरहद्दीवरच्या चौकीत कोणाला काय होते याच्याशी आपला काय संबंध, असे लिस्बनमधल्या सुखवस्तू घरांत म्हटले गेले असेल. तसे आपल्याकडेही म्हणतात.

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्या सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती हुकूमशाही एका दिवसात उलथली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत तांबडी फुले खोवली. त्या दिवशी चारजण मेले, ते गुप्त पोलिसांच्या कचेरीतून झालेल्या गोळीबारात. वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले. मोहन रानडे त्याआधी पाच वर्षे, जानेवारी १९६९ मध्ये लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगातून सुटले होते. गोवा मुक्त होऊन सात वर्षे झाली होती आणि ज्याने त्यासाठी बंदूक धरली तो अजून आतच होता. आम्ही आकाशवाणीवर मराठी बातम्या ऐकत होतो, जत्रा करत होतो, पणजीच्या सहली काढत होतो. हे आठवले की अजून ओशाळायला होते.

मुक्ती मिळाली म्हणून लोकशाही आली असे होत नाही. गोव्यात विधानसभेचे पहिले मतदान ९ डिसेंबर १९६३ रोजी झाले. सैन्य पाठवणाऱ्या काँग्रेसला गोव्याच्या २८ जागांपैकी एकही मिळाली नाही. कुळे, मुंडकार, कष्टकरी यांच्या मतांवर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मग विलीनीकरणाचा वाद पेटला. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा? त्या दोन वर्षांत भाषेवरून, धर्मावरून, जातीवरून जेवढे बोलायचे तेवढे वाईट दोन्ही बाजूंनी बोलून झाले. सोयरे सोयऱ्यांकडे जेवेनासे झाले. रक्त सांडायला जे जे लागते ते सगळे तयार होते.

मतदान घ्यायचे ठरले. ते निर्मळ व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. ज्याच्या हातात सत्ता आणि पोलीस आहेत त्यानेच मतदानाआधी खुर्ची सोडायची, हे आज वाचताना काल्पनिक वाटते. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१.

आमचे अख्खे घर फुलाच्या बाजूचे. आत्याने पेडण्यात फुलालाच मत दिले होते. निकाल रेडिओवर आला तेव्हा मी दुसरीत होतो. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी माझ्याच पाटीवर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि मला वजाबाकी करायला लावली. हातचा घेताना मी चुकलो, त्यांनी पुन्हा करायला लावली. ३४,०२१. वडील बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग पाटी पुसली आणि आईला म्हणाले, "जेवूक वाढ."

आठवड्याने आत्याचे यजमान आले. तेही नाराज होते. पण पलीकडच्या कुणाला मारायला हवे, मतमोजणी खोटी आहे, असे काही बोलल्याचे माझ्या कानावर आले नाही. मार्चमध्ये गोव्यात पुन्हा निवडणूक झाली. ज्यांचा पक्ष कौलात हरला होता, त्या बांदोडकरांनाच लोकांनी परत निवडून दिले. म्हणजे तुमचे ऐकणार नाही, पण राज्य तुम्हीच करा, असे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या मतदारांनी सांगितले. साडेचारशे वर्षे ज्यांनी कधी मतपेटी पाहिली नव्हती, त्यांनी तीन-साडेतीन वर्षांत ही समज दाखवली. १९५५ आणि १९६७ मध्ये फक्त बारा वर्षांचे अंतर आहे. पत्रादेवीला झेंडा घेऊन उभ्या राहिलेल्यांनी गोव्यासाठी जे मागितले होते, ते बहुधा हेच होते. ३४,०२१ मतांनी आपण हरलो तर घरी जाऊन जेवता यावे.

आमच्याच सिंधुदुर्गात पुढे काय झाले हे वाचकांना माहीत आहे. हा जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कणकवलीच्या परिसरात राजकीय कार्यकर्त्यांचे खून झाले, निवडणुकीच्या दिवसांत गाड्या जळाल्या, घरांवर दगड पडले. नाथ पैंच्या मतदारसंघात मतदानाला जाताना आईने मुलाला 'सांभाळून जा' म्हणावे अशी वेळ आली. तिथे कुणी परका नव्हता. ना पाखला, ना मोरारजी.

त्या दोन म्हाताऱ्यांकडे येतो.

तिसऱ्या नोव्हेंबरात मी धीर केला. आंधळा काउंटरवर होता तेव्हा मी छत्रीवाल्याला माझ्या टेबलाशी बसवले, चहा मागवला आणि इकडचे तिकडचे बोलून विचारले, की पंचावन साली पंधरा ऑगस्टला तुम्ही कुठे होता. तो चटकन म्हणाला, "मी पेडण्याक होतंय. ठाण्यार. पत्रादेवीक न्हय." मी पत्रादेवीचे नाव काढलेच नव्हते. मग तो छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाला, "पोटाक होया म्हणान पोलिसात गेलंय. दुसरा काय होता?" चहा त्याने तसाच ठेवला.

दोन वर्षांनी आंधळा नातवाचा हात धरून आला. मेव्हणा श्रावणात गेला होता. नातवाला अंगठा नीट उमटवता येईना, शाई चौकटीबाहेर गेली. मी दुसरा फॉर्म भरायला घेतला. शाखेत गर्दी नव्हती. म्हातारा आपणहून बोलला.

"तुमी तेका इचारलास, ता तेना माका सांगल्यान. तो थयच होतो, सायबानू. पत्रादेवीक. माका तुरुंगात कळला."

मी पेन खाली ठेवले.

"नेम वर धरलंय म्हणान बायलेक सांगल्यान तेना. माझ्या भैणीक. खरा काय खोटा, ता वेतोबाक म्हायत."

"तुमचो विश्वास बसलो?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सुटान इलंय तेव्हा पयल्यांदा तेच्याच घराक जेवलंय. भैणीन वाढल्यान. तो समोर बसलो नाय, भायर ओटयार बसलो. तीन वर्सां तसोच. मगे एक दिवस मीच म्हटलंय, पान घे रे हडे." त्याने अंगठा पुढे केला. "घेवा. आता बरो उठवा."

मी त्याचा अंगठा धरला, गादीवर टेकवला, चौकटीत दाबला. रुमाल शोधला तो माझ्या खिशात नव्हता. टेबलावरच्या टीपकागदाने पुसला. मग खाली लिहिले, की सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हजर होती व ती जिवंत आहे, आणि तारीख घातली.